स्क्रिप्ट पाइपमधून चालवली की अर्ध्यातच गप्प होते, एरर पण देत नाही: काय काय तपासायचं

हा प्रॉब्लेम मी इतक्या वेळा सोडवलाय की आता कुणी फोनवर "दादा, स्क्रिप्ट चालली, एरर पण नाही आली, पण काम अर्धंच झालंय" म्हणालं की पुढचं ऐकायच्या आधीच मी विचारतो, फाइलमधून चालवलीस का पाइपमधून? आणि बहुतेक वेळा उत्तर पाइपच असतं. म्हणजे कर्ल पाइप बॅश (कर्लनं नेटवरून स्क्रिप्ट आणायची आणि | ह्या पाइपच्या खुणेनं थेट बॅशला, म्हणजे कमांडी चालवणाऱ्या शेलला, द्यायची), किंवा कॅट स्क्रिप्ट पाइप बॅश, किंवा एसएसएच करून समोरच्या सर्व्हरवर बॅश -एस आणि त्यात इकडची स्क्रिप्ट ढकललेली, किंवा मग हिअरडॉक (<< ईओएफ लिहून खालचा मजकूर इनपुट म्हणून देणं). थोडक्यात बॅशला प्रोग्रॅम फाइलच्या नावानं न देता स्टँडर्ड इनपुटमधून (प्रोग्रॅम जिथून वाचतो ते इनपुट, एरवी कीबोर्ड) पाजलेला.

कमांडी मी फोनवर ज्युनिअर पोरांना सांगतो तशाच बोलून लिहिल्यात, टर्मिनलवर त्या नेहमीच्या इंग्रजी अक्षरांतच टाकायच्या, हे सांगायला नको.

आधी लक्षणं बघा, तुमचं ह्यातलं आहे का

- फाइलमधून चालवली तर स्क्रिप्ट पूर्ण चालते, पाइपमधून दिली तर मधल्याच एका ओळीनंतर थांबते. एरर नाही. आणि इको $? करून एक्झिट कोड बघितला तर उत्तर 0, म्हणजे सगळं ठीक. हे 0 च सगळ्यात जास्त फसवतं.
- स्क्रिप्टमध्ये रीड लावून "पुढे जाऊ का? हो/नाही" असं विचारलंय, पण ती उत्तराची वाटच बघत नाही, सुसाट पुढं जाते. आणि व्हेरिएबलमध्ये बघितलं तर तुमच्याच स्क्रिप्टची पुढची ओळ बसलेली.
- यादीत 23 सर्व्हर आहेत, यादीतली एकेक ओळ वाचणारा व्हाइल रीडचा लूप फक्त पहिल्यावर फिरतो आणि संपतो.
- "कमांड नॉट फाउंड" येतं पण कमांडचं नाव अर्धवट. इको लिहिलं होतं, तो म्हणतो "को" नावाची कमांड सापडत नाही.
- तुमच्या स्क्रिप्टचा उरलेला सोर्स कोड जसाच्या तसा स्क्रीनवर छापून येतो आणि खेळ खलास. (हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं सर्व्हर हॅक झाला.)
- "सिंटॅक्स एरर निअर अनएक्स्पेक्टेड टोकन न्यूलाइन", आणि तेही पहिल्याच ओळीत.

ह्यातलं एक जरी असेल तर पुढं वाचा. लूप नीट सगळा फिरला पण बाहेर आल्यावर काउंटरमध्ये शून्य दिसतंय, एवढंच असेल तर तो आजार वेगळा, पाइपच्या उजवीकडचा लूप सबशेलमध्ये (शेलच्या वेगळ्या प्रतीत) चालतो म्हणून तसं होतं, बॅश 4.2 पासून लास्टपाइप नावाचा ऑप्शन आहे तो बघा. मॅकवाल्यांनी शोधू नका, मॅकसोबत येणारा बॅश अजून 3.2 वरच अडकलाय.

सगळ्यात सोपं: फाइलमध्ये सेव्ह करा आणि तिथून चालवा

फुकट आहे, एक मिनिट लागतं, तरी कुणी करत नाही. जे पाइपमधून देताय ते एका फाइलमध्ये उतरवून घ्या आणि बॅश फाइलचं-नाव असं चालवा. समोरच्या सर्व्हरवर चालवायचं असेल तर एससीपीनं फाइल तिकडं टाका आणि तिकडंच चालवा.

फाइलमधून पूर्ण चालली आणि पाइपमधून अडकली तर दोष तुमच्या लॉजिकमध्ये नाही, इनपुटच्या भांडणात आहे, पुढच्या तपासण्या त्यासाठीच. फाइलमधूनही तिथंच अडकली तर खालचं तिसरं बघा, आणि व्हाइल रीडचा लूप असेल तर पाचवं, कारण लूपमध्ये स्टँडर्ड इनपुटवर यादी असते आणि तिचंही हेच होतं; तसं काही नसेल तर हा लेख बंद करा आणि स्क्रिप्ट बघा. ह्या एका मिनिटानं माझे स्वतःचे कितीतरी तास वाचलेत, कारण आधी मी कायम उलटं करायचो, तीन तास स्क्रिप्ट वाचत बसायचो.

फरक का पडतो ते इथंच सांगतो म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. बॅशला फाइल दिली की तो ती वेगळ्या नंबरवर उघडतो (साधारणपणे 255, ह्या नंबराला फाइल डिस्क्रिप्टर म्हणतात) आणि तुमचं स्टँडर्ड इनपुट म्हणजे 0 नंबर तसाच मोकळा राहतो, कीबोर्डला जोडलेला. पाइपमधून दिलं की 0 नंबरवर स्क्रिप्टच येते. आणि बॅश जी जी कमांड चालवतो तिला तो स्वतःचा 0 नंबर वारशात देतो. म्हणजे एकाच ताटात दोघं जेवायला बसले. बॅश बिचारा सभ्य आहे, पाइप असेल तर एका वेळी एकेक बाइट उचलतो, एक ओळ झाली की थांबतो, ती कमांड चालवतो, मग पुढचा घास. आता ती मधली कमांड खादाड निघाली तर ती ताटातलं उरलेलं सगळं खाऊन टाकते, बॅश परत येऊन बघतो तर ताट रिकामं. त्याला वाटतं स्क्रिप्ट संपली. शेवटची कमांड नीट झाली होती, मग एक्झिट कोड 0. त्याच्या बाजूनं सगळं बरोबरच आहे.

हा काही आजचा बग नाही बरं का. युनिक्समध्ये पाइप 1973 ला आले, आणि त्या काळातल्या थॉम्पसन शेलमध्ये तर गोटू ही कमांड शेलच्या आत नव्हतीच, तो बाहेरचा वेगळा प्रोग्रॅम होता, आणि तो शेलसोबत वाटून घेतलेल्या स्टँडर्ड इनपुटमधली वाचायची जागाच पुढंमागं सरकवायचा, झालं, शेल दुसऱ्या ओळीपासून वाचायला लागायचा. एक्झिट पण तसंच, इनपुटच्या टोकाला नेऊन ठेवायचं. म्हणजे ज्या गोष्टीनं आपण रात्री जागतो तिच्यावर त्यांनी कंट्रोल फ्लो चालवला होता. 1979 च्या बॉर्न शेलनंतर ते प्रकार शेलच्या आत गेले, पण ताट एकच राहिलं.

दुसरं: जे आलंय ती स्क्रिप्ट तरी आहे का

कर्ल पाइप बॅश करताना कर्लला -एफ लावलेलं नसेल आणि लिंक मेली असेल तर 404 चं एचटीएमएल पान बॅशच्या तोंडात जातं. पहिली ओळ डॉकटाइप एचटीएमएल, त्यातला < आणि शेवटचा > बॅशला रिडायरेक्ट वाटतात, आणि तोच तो न्यूलाइनवाला सिंटॅक्स एरर. तपासायचं कसं, तर पाइपच्या पुढं बॅशच्या जागी हेड लावा आणि पहिल्या दहा ओळी डोळ्यांनी बघा. -एफ लावलं की कर्ल अशा वेळी पान छापतच नाही, एरर देऊन बाहेर पडतो. पण तरीही पाइपलाइनचा एक्झिट कोड शेवटच्या कमांडचा असतो, म्हणजे कर्ल पडला आणि बॅशला रिकामं इनपुट मिळालं तर परत 0. त्यासाठी सेट -ओ पाइपफेल लावायचं. सीआयमध्ये (कोड आपोआप तपासणाऱ्या सिस्टिममध्ये) तर लावाच, नाहीतर हिरवा टिक बघून सगळे खूष आणि इन्स्टॉल काहीच नाही.

तिसरं: विंडोजचा कचरा

स्क्रिप्ट कुणी विंडोजच्या नोटपॅडमध्ये नवी लिहून सेव्ह केली असेल तर प्रत्येक ओळीच्या शेवटी कॅरेज रिटर्न बसतो. कॅट -मोठं ए लावून बघा, ओळीच्या शेवटी नुसता $ हवा, ^ एम आणि मग $ दिसला तर तोच. किंवा फाइल ही कमांड चालवा, ती सरळ सांगते सीआरएलएफ आहे म्हणून. लक्षण म्हणजे सीडी केलेला फोल्डर डोळ्यासमोर असून "नो सच फाइल ऑर डिरेक्टरी", आणि एररची ओळही विचित्र, एकमेकांवर छापल्यासारखी, कारण तो कॅरेज रिटर्न कर्सरला ओळीच्या सुरुवातीला नेतो. हिअरडॉकचा शेवटचा ईओएफ पण मग जुळत नाही, कारण तो ईओएफ नसून ईओएफ-अधिक-एक-अदृश्य-अक्षर असतो. डॉस-टू-युनिक्स चालवा, संपलं.

पहिल्याच ओळीवर "#!/बिन/बॅश: नो सच फाइल" असं आलं आणि बिन बॅश तर जागेवर आहे, तर फाइलच्या सुरुवातीला बीओएम (एन्कोडिंगची खूण) आहे. तीन अदृश्य बाइट. त्यामुळं # हे पहिलं अक्षर राहत नाही आणि बॅश ती कॉमेंट न समजता कमांड समजतो.

चौथं: बॅश का एसएच?

पाइपमधून दिलेल्या स्क्रिप्टची शीबँग ओळ (पहिली, #! वाली) कुणीच वाचत नाही, ती नुसती कॉमेंट. तुम्ही पाइप एसएच लिहिलं तर एसएचच चालणार, वर कितीही बॅश लिहा. आणि उबंटूवर 6.10 पासून एसएच म्हणजे डॅश नावाचा छोटा शेल आहे, डबल चौकटी कंस दिसला की तो "नॉट फाउंड" म्हणून मोकळा.

ह्यात अजून एक गंमत आहे जी मला फार उशिरा कळली. डॅश बऱ्याच आवृत्त्यांमध्ये बॅशसारखं एकेक बाइट न उचलता एकदम मोठा घास घ्यायचा, आठेक केबीचा. म्हणजे छोटी स्क्रिप्ट पूर्ण त्याच्या पोटात आधीच गेलेली, मधल्या खादाड कमांडला खायला उरायचंच नाही. त्यामुळं "माझ्या मशीनवर चालतंय, तुझ्याकडं का नाही" हे भांडण दोन्ही बाजूंनी खरं असू शकतं, एकाकडं डॅश, दुसऱ्याकडं बॅश. आणि स्क्रिप्ट वाढत वाढत आठ केबीच्या वर गेली की एक दिवस अचानक त्याच्याकडंही बंद पडते. कुणी काही बदललेलं नसतं, एक लॉगची ओळ वाढवलेली असते फक्त.

पाचवं: चोर शोधा

आता खरं काम. बॅश -व्ही -एस असं चालवा आणि त्यात स्क्रिप्ट पाइप करा. -व्ही मुळं बॅश वाचलेली प्रत्येक ओळ स्क्रीनवर टाकतो. शेवटची जी ओळ दिसली तिच्यातली कमांड चोर. इतकं सोपं आहे. -एक्स लावतात सगळे, तोही चालेल, पण -एक्स कमांड चालवताना दाखवतो आणि -व्ही ओळ वाचताना दाखवतो, आणि आपलं भांडण वाचण्याचंच आहे.

चोर नेहमीचेच असतात, ओळखीचे झालेत:

एसएसएच. समोरच्या कमांडला इनपुट लागो न लागो, हा इकडचं सगळं उचलून तिकडं पाठवतो. माझी पहिली फजिती ह्याचीच. सर्व्हरची यादी, व्हाइल रीड, आत एसएसएच करून जुने लॉग डिलीट करायचे. चालवलं, एक्झिट कोड 0, मी आनंदात घरी. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या सर्व्हरची डिस्क फुल, मग तिसऱ्याची. पहिल्याच एसएसएचनं उरलेली यादी गिळली होती आणि ती 22 नावं पहिल्या सर्व्हरवर गेली, तिथं ती कुणी वाचलीच नाहीत. उपाय दोन अक्षरांचा, एसएसएच -एन. एससीपी मात्र असं करत नाही, तो आतल्या एसएसएचला स्वतःचे वेगळे पाइप लावतो, त्यामुळं "एससीपीचा लूप चालतो मग एसएसएचचा का नाही" असं वाटतं ते म्हणूनच.

एफएफएमपेग, व्हिडिओ कन्व्हर्ट करणारा. हा सगळ्यात चावट. चालू असताना तो कीबोर्डकडं बघत असतो, क्यू दाबला की थांबतो. आता कीबोर्डच्या जागी तुमची फाइलींची यादी असेल तर तो त्यातली अक्षरं बटणं समजून खातो. पुढच्या फाइलच्या नावाची सुरुवातीची दोनचार अक्षरं गायब, आणि नावात क्यू असला तर व्हिडिओ अर्ध्यातच कापलेला. एका लग्नाच्या शूटिंगवाल्या मित्राचे 40 क्लिप कन्व्हर्ट करायचे होते, त्यातले निम्मे "नो सच फाइल", कारण /होमच्या जागी ओम. -नोएसटीडीइन लावलं आणि सगळे झाले.

मायएसक्यूएल -ई शिवाय चालवला तर इनपुट वाचतो. कंटेनरच्या आत कमांड चालवणारे डॉकर एक्झेक आणि क्यूबसीटीएल एक्झेक -आय लावून चालवले तर तेही. ॲप्ट-गेट "वाय/एन" विचारायला थांबला की तुमची पुढची ओळ त्याला उत्तर म्हणून मिळते, आणि -वाय लावलं तरी आत एखाद्या पॅकेजची कॉन्फिगरेशन स्क्रिप्ट प्रश्न विचारू शकते, म्हणून डेबियन फ्रंटएंड नॉनइंटरॲक्टिव्ह करून ठेवायचं.

आणि कॅट. स्क्रिप्टचा सोर्स छापला जातो म्हणालो ना वर, ते हेच. लिहिलेलं असतं कॅट $फाइल, आणि $फाइल काही कारणानं रिकामं. कोट नाहीत, म्हणून कॅटला एकही नाव मिळत नाही, आणि नाव नसलेला कॅट काय वाचतो? स्टँडर्ड इनपुट. म्हणजे तुमची उरलेली स्क्रिप्ट, ती तो इमानदारीत छापतो. ग्रेपचंही तसंच. व्हेरिएबलभोवती डबल कोट लावले असते तर निदान "अशी फाइल नाही" असा एरर तरी आला असता. कोट लावा राव, फुकट आहेत.

चोर सापडला की त्याच्या ओळीच्या शेवटी < /डेव्ह/नल लावायचं. त्याला वेगळं रिकामं ताट दिलं, बस. कुठली कमांड आहे ह्याला महत्त्व नाही, जिला इनपुट लागत नाही तिला हे लावलं तर नुकसान शून्य. मी तर आता पाइपमधून जाणाऱ्या स्क्रिप्टमध्ये संशयित दिसेल तिथं आधीच लावून टाकतो. एक लक्षात घ्या, काही जण शेवटी & लावून कमांड बॅकग्राउंडला टाकतात आणि "आपोआप सुटलं" म्हणतात. जादू नाही ती, स्क्रिप्टमध्ये बॅकग्राउंडला गेलेल्या कमांडचं इनपुट शेल स्वतःच /डेव्ह/नलला जोडतो. पण मग ती कमांड संपायची वाट कोण बघणार, म्हणजे एक दुखणं गेलं आणि दुसरं आलं.

सहावं: ज्याला खरंच विचारायचंय त्याचं काय

रीडनं खरोखर माणसाला विचारायचं असेल तर त्याला /डेव्ह/नल देऊन चालणार नाही, त्याला टर्मिनल द्या. रीड उत्तर < /डेव्ह/टीटीवाय. टीटीवाय म्हणजे तुमचं खरं टर्मिनल, इनपुट कुठंही वळवलेलं असलं तरी. रस्ट भाषेच्या रस्टअपचं इन्स्टॉलर हेच करतं, कर्ल पाइप एसएच करूनही ते तुम्हाला 1, 2, 3 पर्याय विचारू शकतं ते त्यामुळं. सुडोचा पासवर्ड पाइपमध्येही नीट विचारला जातो तोही म्हणूनच, तो आपणहून टीटीवायकडं जातो.

क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी आपोआप कामं चालवणारा) मात्र टीटीवाय नसतंच, तिथं हे एरर देणार. आणि द्यायलाच पाहिजे, रात्री तीनला क्रॉन कुणाला विचारणार?

दुसरा रस्ता, पाइपच टाळा. बॅश <(कर्ल ...) असं लिहिलं की स्क्रिप्ट वेगळ्या नंबरवरून येते आणि 0 मोकळा राहतो. किंवा बॅश -सी आणि पुढं डबल कोटमध्ये $(कर्ल ...), मॅकवरच्या होमब्रू ह्या पॅकेज मॅनेजरची इन्स्टॉलची ओळ अशीच आहे, त्यात पूर्ण स्क्रिप्ट आधी उतरते मग चालते.

लूपसाठी मात्र मला तिसराच प्रकार आवडतो, यादी 0 वर आणायचीच नाही, 3 वर आणायची:

व्हाइल रीड -आर ओळ <&3; डू ... डन 3< यादी

आता आत एसएसएच असो, एफएफएमपेग असो, 0 नंबर त्यांचा, 3 नंबर यादीचा. कुणाला -एन लावायचं राहिलं हे बघत बसायची गरज नाही. यादीच्या शेवटच्या ओळीनंतर एंटर आहे ना तेवढं बघा, नाहीतर शेवटचा सर्व्हर कायम वगळला जातो.

सातवं: सगळी स्क्रिप्ट एका फंक्शनमध्ये

स्क्रिप्ट तुमची स्वतःची असेल आणि लोक ती पाइपमधूनच चालवणार असतील तर सगळं मेन नावाच्या फंक्शनमध्ये टाका आणि अगदी शेवटच्या ओळीत मेन बोलवा, त्याच ओळीवर पुढं, एक्झिट. फंक्शनचा शेवटचा महिरपी कंस येईपर्यंत शेलला काहीच चालवता येत नाही, म्हणजे खादाड कमांड यायच्या आधी स्क्रिप्ट पूर्ण वाचून झालेली असते. ह्याचा दुसरा फायदा मोठा आहे. मधेच नेट गेलं आणि अर्धीच स्क्रिप्ट उतरली तर नुसत्या पाइपमध्ये ती अर्धी चालून मोकळी होते. कल्पना करा, ओळ होती आरएम -आरएफ /टेम्प/बिल्ड आणि नेट तुटलं /टेम्प नंतर. फंक्शन असेल तर फक्त सिंटॅक्स एरर येतो, नुकसान काही नाही.

पण फंक्शनमधला रीड मग कुठून वाचतो? 0 वरूनच, तिथं आता फार तर शेवटचं काहीतरी उरलेलं. म्हणजे टीटीवाय तरीही लागतंच. आणि $0 मध्ये फाइलचं नाव नसतं, नुसतं "बॅश" असतं, म्हणून "स्क्रिप्ट ज्या फोल्डरमध्ये आहे तिथली कॉन्फिग उचल" वगैरे डिरनेम $0 वाली युक्ती पाइपमध्ये चालत नाही, ती तुम्ही उभे असाल त्या फोल्डरमध्ये शोधते.

आठवं: हिअरडॉकमधले कोट

हे खरं तर वर यायला पाहिजे होतं, पण समजायला थोडं अवघड आहे म्हणून खाली. एसएसएच सर्व्हर बॅश -एस << ईओएफ असं लिहिलं आणि ईओएफला सिंगल कोट नाहीत, तर आतले सगळे $ तुमच्या मशीनवर उलगडतात आणि मग तिकडं जातात. होस्टनेम छापलं तर तुमच्याच लॅपटॉपचं नाव. इथपर्यंत हसण्यावारी. पण आत पहिल्या ओळीत डीर=/व्हार/काहीतरी आणि दुसऱ्या ओळीत आरएम -आरएफ $डीर/* असेल, तर तुमच्या मशीनवर डीर रिकामं आहे, तिकडं जाते ती ओळ आरएम -आरएफ /*. आणि आरएममध्ये जे रूट वाचवायचं संरक्षण आहे ते नुसत्या / ला आहे, /* ला नाही, कारण तो तारा शेल आधीच फोडून बिन, ईटीसी, होम अशी नावं करून देतो. म्हणून 'ईओएफ' असं कोटमध्येच लिहायचं, आणि इकडची एखादी व्हॅल्यू तिकडं हवी असेल तर बॅश -एस -- व्हॅल्यू अशी देऊन तिकडं $1 म्हणून घ्यायची. तपासायला सोपा उपाय, एसएसएच... बॅश -एस च्या जागी नुसतं कॅट लिहा आणि काय जातंय ते वाचा.

शेवटचं हत्यार: एसट्रेस

-व्ही नं पण चोर सापडला नाही, म्हणजे तुमची कमांड एक दुसरी स्क्रिप्ट चालवते, ती तिसरी, आणि कुठंतरी खोल कुणीतरी वाचतंय. तेव्हा एसट्रेस, म्हणजे प्रोग्रॅम कर्नलकडं काय काय मागतो ते दाखवणारी कमांड: एसट्रेस -एफ -ई ट्रेस=रीड, आणि आउटपुट फाइलमध्ये, कारण ते खूप असतं. त्यात रीड(0 वाल्या ओळी बघायच्या. बॅशच्या ओळी ओळखू येतात, एकेक अक्षर, शेवटी 1. मधेच एखादी ओळ दिसेल जिथं 0 वरून एकदम हजारो बाइट मागितलेत, कॅट असेल तर 131072, नव्या आवृत्तीत 262144. त्या ओळीच्या सुरुवातीचा पीआयडी (प्रोसेसचा नंबर) म्हणजे गुन्हेगार. प्रोसेस अजून जिवंत असेल तर /प्रोक/पीआयडी/एफडी/0 ला एलएस -एल करा, पाइप आणि तोच नंबर दिसला की पंचनामा पूर्ण.

कुठं थांबायचं

फाइलमधून चालवून बघणं, -व्ही, /डेव्ह/नल, हे टेस्ट मशीनवर कुणीही करावं. पण प्रॉडक्शनवर स्क्रिप्ट अर्धी चालून थांबली असेल तर पहिली गोष्ट म्हणजे ती परत चालवायची नाही. मला माहितीय हात शिवशिवतात. पण अर्ध्यात काय झालंय ते माहीत नाही, डेटाबेसचं टेबल बदलून झालंय आणि डेटा भरायचा राहिलाय अशा अवस्थेत परत पहिल्यापासून चालवली तर जे डीबीए (डेटाबेस सांभाळणारा) एका तासात सावरेल ते बॅकअपवरून आणावं लागतं. डेटाबेस मायग्रेशन, डिस्कचं पार्टिशन, बूटलोडर, फायरवॉलचे नियम, ह्यातलं काही स्क्रिप्टमध्ये असेल तर तिथंच थांबा आणि ज्याचं काम आहे त्याला उठवा. फायरवॉलच्या बाबतीत तर उघडं असलेलं एसएसएच सेशन बंदसुद्धा करू नका, परत आत जाता येईलच असं नाही.

दुसरं, हेड लावून बघितल्यावर आलेली स्क्रिप्ट ओळखीची वाटली नाही, किंवा तुम्ही ती रूट म्हणून आधीच चालवलीय आणि आता शंका येतेय, तर ते स्टँडर्ड इनपुटचं प्रकरण राहिलं नाही. मशीन नेटवरून काढा, रीबूट करू नका, सिक्युरिटीवाल्यांना बोलवा.

आणि ज्याला बोलवाल त्याला "स्क्रिप्ट चालत नाहीये" एवढंच सांगू नका. जी ओळ टाइप केली होती ती जशीच्या तशी, इको $बॅश_व्हर्जनचं उत्तर, इनपुट पाइप होतं का फाइल का हिअरडॉक, स्क्रीनवर दिसलेली शेवटची ओळ, आणि किती वाजता थांबली ते. वेळ का, तर लॉगमध्ये तिथूनच शोधायला सुरुवात करतात.